अडलेल्या भुकटीचे मोजमाप
धान्य, कोंडा, राख, सिमेंट का अडते आणि का कोसळते? शहापूर-मुरबाडच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना खुणावणारा संशोधनाचा विषय

प्रतिनिधी, शहापूर

छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात १५ नोव्हेंबर २०२४ रोजी मक्याची भलीमोठी टाकी कोसळली आणि मक्याच्या ढिगाऱ्याखाली गाडले जाऊन चार कामगार मृत्युमुखी पडले. त्याच्या सुमारे वर्षभर आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकातील विजयपूर येथे अशाच प्रकारे मक्याच्या साठ्याखाली सात कामगारांचा बळी गेला होता. धान्य ही जीव घेणारी वस्तू आहे, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. वायू, आम्ल, वीज यांची धास्ती असते. मका, कोंडा, पीठ, राख यांची नसते. प्रत्यक्षात सुटा माल मोठ्या प्रमाणावर साठवला की तो स्वतःच्या नियमांनी वागू लागतो. ते नियम मोजून घेतले नाहीत, तर कधी माल अडतो, कधी वाया जातो आणि कधी माणूस जातो.

मुंबईपासून फार दूर नसलेल्या, तरीही ग्रामीण ठाण्याचा चेहरा टिकवून असलेल्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांना हा विषय परका नाही. भात हे इथले मुख्य पीक. भातगिरण्यांमध्ये तांदळाबरोबर तूस, कोंडा आणि कणी निघते. गावोगावी वीटभट्ट्या आहेत, मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे आणि बांधकामांवर सिमेंट व राख यांची सतत ने-आण सुरू असते. या प्रत्येक ठिकाणी कुठे ना कुठे वरून रुंद आणि खाली निमुळता असा हॉपर असतो. तो अडला की काय करायचे, याचे उत्तरही सगळीकडे एकच असते. बाहेरून हातोडीचे ठोके द्यायचे, आत बांबू किंवा सळई खुपसायची आणि तरीही माल हलला नाही, तर एखाद्याने वर चढून आत उतरायचे. धोका या शेवटच्या पायरीवर असतो. वरून घट्ट दिसणाऱ्या थराखाली पोकळी असू शकते. तो थर पायाखाली फुटला किंवा खालून माल अचानक वाहू लागला, तर माणूस काही सेकंदांत कमरेपर्यंत रुततो आणि मग त्याला नुसत्या हातांनी ओढून काढणे जवळजवळ अशक्य होते.

पाणी नव्हे, दगडही नव्हे

भुकटी आणि सुटे धान्य यांचे वर्तन विचित्र आहे. उतारावर ते द्रवासारखे वाहतात, ढिगात घनासारखे उभे राहतात आणि हवा मिसळली की वायूसारखे पसरतात. पाण्याच्या टाकीत जसजसे खाली जावे तसतसा दाब वाढत जातो. धान्याच्या उंच कोठारात तसे घडत नाही. जर्मनीतील ब्रेमेन येथील अभियंता एच. ए. जान्सेन याने १८९५ मध्ये हे प्रयोगाने व गणिताने दाखवून दिले. दाणे भिंतीशी घासतात आणि आपल्या वजनाचा मोठा भाग भिंतींवर टाकतात. त्यामुळे ठरावीक खोलीनंतर तळावरचा दाब वाढायचा जवळजवळ थांबतो.

तळाला मिळणारा हा दिलासा भिंतीला महागात पडतो. कोठाराच्या पत्र्याला बाहेर ढकलणारा जोर तर सोसावा लागतोच, शिवाय धान्याचे वजनही खांबाप्रमाणे पेलावे लागते. त्यातच माल काढण्याचे तोंड मध्यभागी नसून एका बाजूला असेल, तर भिंतीवरचा भार असमान होतो आणि पत्रा मुडपण्याची शक्यता वाढते. पाण्याच्या टाकीचा हिशेब धान्याच्या टाकीला लावून चालत नाही तो यामुळे.

धान्याचा आणखी एक गुण पाण्याहून वेगळा आहे. तळाला भोक असलेल्या बादलीतून पाणी सोडले, तर पातळी उतरेल तशी धार बारीक होते. कोरडी वाळू मात्र बादली भरलेली असो वा अर्धी, जवळपास एकाच वेगाने पडत राहते. वाळूचे घड्याळ चालते ते याच गुणावर. हा वेग भोकाच्या व्यासावर फार तीव्रतेने अवलंबून असतो. १९६१ मध्ये बेव्हर्लू व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्रानुसार व्यास दुप्पट केला, तर प्रवाह चौपट न होता साडेपाच पटींहून अधिक होतो. मात्र हे सूत्र मोकळेपणाने वाहणाऱ्या दाण्यांना लागू पडते, चिकटणाऱ्या भुकटीला नाही.

शीग आणि हलवून भरलेले माप

भुकटी किती सहज वाहील, हे मोजण्याच्या साध्या पद्धती आपल्या व्यवहारात पूर्वापार आहेत; त्यांना शास्त्रीय नावे तेवढी नंतर मिळाली. पायलीने धान्य मोजताना कुणी सपाट माप देई, कुणी शीग लावून देई. पायलीवर शीग किती उंच चढेल, हे त्या धान्याच्या स्वभावावर ठरते. खळ्यावरच्या राशीची बाजू जमिनीशी जो कोन करते, त्याला अभियांत्रिकीत विरामकोन म्हणतात. नरसाळ्यातून भुकटी सपाट पृष्ठावर सोडायची, तयार झालेल्या ढिगाची उंची आणि पायाचा व्यास मोजायचा, की कोन मिळतो. पाया २० सेंटिमीटर आणि उंची ७ सेंटिमीटर असेल, तर कोन सुमारे ३५ अंश येतो. औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या मानकांनुसार २५ ते ३० अंश म्हणजे उत्तम प्रवाह, ३१ ते ३५ चांगला, ४६ च्या पुढे वाईट आणि ५६ च्या पुढे फारच वाईट.

दुसरी पद्धतही बाजारातलीच आहे. माप नुसते भरले तर धान्य कमी बसते, हलवून-आपटून भरले तर जास्त बसते. हा फरक किती, यावरून भुकटीचा चिकटपणा कळतो. मोजपात्रात १०० ग्रॅम भुकटी अलगद ओतली आणि ती २०० मिलिलिटरपर्यंत आली. यंत्राने शेकडो ठोके दिल्यावर ती १५० मिलिलिटरवर बसली, असे समजू. घट २५ टक्के झाली. हा आकडा राल्फ कार यांच्या नावाने ‘कार निर्देशांक’ म्हणून ओळखला जातो. २०० भागिले १५०, म्हणजे १.३३, हे ‘हाउसनर गुणोत्तर’. दोन्ही आकडे सांगतात, की ही भुकटी कशीबशी वाहील. घट १० टक्क्यांच्या आत असती तर प्रवाह उत्तम ठरला असता.

स्वयंपाकघरातील रवा आणि मैदा यांच्यात हाच फरक दिसतो. दोन्ही गव्हाचेच; तरी रवा बोटांमधून सरसर निसटतो आणि मैद्याची मूठ वळते. कारण कणाच्या आकारात आहे. कणाचा व्यास दहापट कमी झाला, तर त्याचे वजन हजारपट कमी होते. पण शेजारच्या कणाला धरून ठेवणारे आकर्षण ढोबळमानाने दहापटच कमी होते. साहजिकच बारीक कणांच्या बाबतीत वजनापेक्षा चिकटपणा वरचढ ठरतो. कणाचा आकार साधारण १०० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या खाली गेला, की अडचणी सुरू होतात. त्यात ओलावा आला की कणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात आणि पकड आणखी घट्ट होते.

कमान आणि बीळ

हॉपर अडतो तो प्रामुख्याने दोन प्रकारांनी. पहिल्या प्रकारात तोंडाच्या वर भुकटीची कमान तयार होते. दगडी पुलाची कमान जशी स्वतःचे वजन दोन्ही बाजूंना टेकवून उभी राहते, तशीच ही कमान वरचा सारा माल पेलून धरते. खाली तोंड उघडे, वर टनावारी माल आणि मध्ये पोकळी, अशी स्थिती होते. दुसऱ्या प्रकारात फक्त तोंडाच्या सरळ वरचा भाग वाहून जातो आणि मधोमध विहिरीसारखे बीळ पडते. कडेचा माल जागचा हलत नाही.

हे बीळ न अडणाऱ्या हॉपरमध्येही छुपे नुकसान करते. नंतर भरलेला माल मधल्या मार्गाने आधी बाहेर पडतो आणि आधी भरलेला कडेला पडून राहतो. भाताच्या कोंड्यासारख्या पदार्थाला हे मानवत नाही. कोंड्यात साधारण १५ ते २० टक्के तेल असते आणि गिरणीतून निघाल्यावर काही तासांतच ते खवट होऊ लागते. कडेला साचलेला जुना कोंडा ताज्या कोंड्यात मिसळला, की सगळ्याच मालाची प्रत उतरते.

राखेच्या बाबतीत उलटाही प्रकार घडतो. कमान एकाएकी ढासळली, तर खाली कोसळणाऱ्या बारीक राखेत हवा मिसळते आणि मघापर्यंत दगडासारखी बसलेली राख पाण्याच्या लोंढ्यासारखी बाहेर पडते. अडणे आणि उसळणे ही एकाच पदार्थाची दोन रूपे आहेत.

विटेचा साचा आणि जेनिके यांची पेटी

विरामकोन आणि कार निर्देशांक भुकटीचा स्वभाव सांगतात; हॉपरचे तोंड किती रुंद हवे आणि उतार किती तीव्र हवा, हे मात्र सांगत नाहीत. त्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील युटा विद्यापीठात काम करणारे, मूळचे पोलंडचे अभियंते अँड्र्यू जेनिके यांनी १९६१ व १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन पुस्तिकांतून दिले. आजही हॉपरचे आराखडे प्रामुख्याने याच पद्धतीने तयार होतात.

त्यांची मूळ कल्पना वीटभट्टीवर सहज समजते. साच्यात चिखल दाबून भरला आणि साचा उचलला, तर कच्ची वीट उभी राहते. भोवतीचा आधार काढूनही ती ढासळत नाही, कारण दाबामुळे तिला स्वतःची ताकद आलेली असते. कोरडी वाळू साच्यात कितीही दाबली, तरी साचा उचलताच ती पसरते. हॉपरमधील भुकटी ‘वीट’ होते की ‘वाळू’ राहते, हाच खरा प्रश्न आहे. भुकटीवर पडलेला दाब आणि त्या दाबाने तिला आलेली ताकद यांचे गुणोत्तर काढले, की तिची जात कळते. गुणोत्तर १० पेक्षा अधिक असेल तर भुकटी मोकळी वाहते. ४ ते १० असेल तर सहज वाहते. २ ते ४ म्हणजे चिकट, १ ते २ म्हणजे फार चिकट आणि १ च्या खाली म्हणजे न वाहणारी.

हे मोजण्यासाठी जेनिके यांनी एकावर एक ठेवलेल्या दोन कड्यांची पेटी वापरली. तिच्यात भुकटी भरून वरून ठरावीक वजन ठेवायचे आणि वरचे कडे आडवे ढकलून भुकटीचा थर कापला जाण्यास किती बळ लागते ते पाहायचे. भुकटीऐवजी खाली हॉपरच्या पत्र्याचा तुकडा ठेवला, की पत्र्याशी होणारे घर्षणही कळते. या दोन मोजण्या आणि भुकटीची घनता हाती आली, की कमान धरणार नाही असे तोंड आणि कडेचा मालही हलेल असा उतार, दोन्ही गणिताने काढता येतात. भुकटी काही तास वा दिवस दबून राहिल्यावरही ही चाचणी घ्यावी लागते. शनिवारी भरून ठेवलेला हॉपर सोमवारी सकाळी अडतो, कारण दोन दिवसांत आतल्या मालाची ताकद वाढलेली असते.

पवईतील प्रयोग

हा विषय परदेशी पुस्तकांपुरता मर्यादित राहिलेला नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. देवांग खक्कर यांनी कणमय पदार्थांच्या प्रवाहावर व मिश्रणावर दीर्घकाळ संशोधन केले. २००९ ते २०१९ या काळात ते संस्थेचे संचालकही होते. त्यांच्यासोबत आशिष ओरपे यांनी केलेले फिरत्या नळकांड्यातील प्रवाहाचे मोजमाप २००१ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ओरपे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाले.

त्या प्रयोगाची मांडणी ऐकायला साधी आहे. उथळ डब्यासारखे नळकांडे आडवे ठेवून त्यात कण भरायचे, ते सावकाश फिरवायचे आणि समोरच्या पारदर्शक बाजूने छायाचित्रे घ्यायची. बहुतेक कण नळकांड्याबरोबर गोठल्यासारखे फिरतात. फक्त वरचा पातळ थर उतारावरून वाहत राहतो. या थराची जाडी आणि उताराचा कोन फिरण्याचा वेग, कणांचा आकार व नळकांड्याचा व्यास यांनुसार कसा बदलतो, हे मोजून त्यातून नियम काढण्यात आले. औषधाच्या गोळ्यांवर लेप देणारी यंत्रे आणि सिमेंटच्या फिरत्या भट्ट्या यांचे वर्तन समजण्यासाठी असे नियम उपयोगी पडतात. याच क्षेत्रात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील के. केशव राव व प्रभू नॉट यांचे कणमय प्रवाहावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक २००८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केले.

पावसाळ्याचे गणित

पवईसारख्या संस्थेत मूलभूत नियम सापडतात. पण एखाद्या गिरणीतील हॉपर वाहील की नाही, हे त्या गिरणीतील माल मोजल्याशिवाय कळत नाही. भुकटीचा प्रवाह हा सोन्याच्या घनतेसारखा पुस्तकात पाहून घेण्याचा आकडा नव्हे. तो भाताच्या वाणावर, गिरणीच्या चाळणीवर, हॉपरच्या पत्र्यावर आणि मुख्य म्हणजे हवेतील दमटपणावर बदलतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या शहापूर-मुरबाडमध्ये मे महिन्यातील कोरडी दुपार आणि जुलैतील संततधार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मे महिन्यात सुरळीत वाहणारा कोंडा जुलैत अडू शकतो. नमुना उघड्या पिशवीतून दूरच्या प्रयोगशाळेत नेला, तर वाटेतच त्याचा ओलावा बदलतो आणि अहवाल भलत्याच भुकटीचा येतो.

स्थानिक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना इथे मोठा वाव आहे. शहापूर तालुक्यात आसनगाव व सापगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. पदवीच्या अंतिम वर्षाला विद्यार्थ्यांना प्रकल्प करावाच लागतो. अनेकदा हे प्रकल्प इतरत्र झालेल्या कामाची पुनरावृत्ती ठरतात. भुकटीच्या मोजमापात मात्र स्थानिक आकडा हाच नवा आकडा असतो. नरसाळे, मोजपात्र, तराजू आणि फूटपट्टी एवढ्या साहित्यावर पहिल्या टप्प्याचे काम होते. ठोके देण्याचे यंत्र छोटी मोटार व कॅम वापरून महाविद्यालयाच्या कार्यशाळेत तयार करता येते.

जेनिके यांच्या पेटीची भावंडेही महाविद्यालयांत सापडतात. स्थापत्य विभागाच्या मृदा प्रयोगशाळेत मातीची कर्तनशक्ती मोजण्यासाठी अशाच तत्त्वावर चालणारी चौकोनी पेटी असते. परंतु ती जशीच्या तशी वापरून चालणार नाही. इमारतीच्या पायाखालील मातीवर येणारा दाब हॉपरच्या तोंडाशी असलेल्या भुकटीवरील दाबाच्या कितीतरी पट जास्त असतो. मातीसाठीची वजने भुकटीवर ठेवली, तर मिळणारे उत्तर हॉपरला लागू पडत नाही. वजने हलकी करणे आणि बळ मोजणारे उपकरण अधिक संवेदनशील करणे, हाच एका प्रकल्पाचा विषय होऊ शकतो.

मोजताना शिस्तही पाळावी लागते. विरामकोन नरसाळ्याच्या उंचीवर, खालच्या पृष्ठावर आणि ओतणाऱ्याच्या हातावरही थोडाफार अवलंबून असतो. त्यामुळे एकदा मोजून निष्कर्ष काढणे धोक्याचे. तीच चाचणी अनेकदा करणे, दर वेळी ओलावा व हवेची आर्द्रता नोंदवणे आणि आकड्यांतील फरकही प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक असते. वर्षभर दरमहा एकाच गिरणीतील कोंडा, एकाच वीटभट्टीवरील राख आणि एकाच दुकानातील तांदळाचे पीठ मोजले, तरी या भागापुरती उपयुक्त तक्ता-वही तयार होईल. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना ती पुढे नेता येईल.

बांबूऐवजी आकडा

अशा मोजमापाचा उपयोग गिरणीवाल्याला काय, हा प्रश्न साहजिक आहे. मोजणीनंतर सुचणारे उपाय बहुतेकदा लोहारकामाच्या आवाक्यातले असतात. तोंड काही इंच रुंद करणे, उतार अधिक उभा करणे, आतून गुळगुळीत पत्रा बसवणे, गोल तोंडाऐवजी लांबट फट ठेवणे, पावसाळ्यात हॉपर रात्रभर भरलेला न ठेवणे, हे ते उपाय. गोल तोंडाच्या तुलनेत पुरेशी लांब फट साधारण निम्म्या रुंदीतही कमान होऊ देत नाही. पण यांपैकी नेमके काय करायचे, हे आकड्याशिवाय ठरत नाही. अंदाजाने तोंड वाढवले, तर पुढच्या यंत्रावर माल ओसंडतो. हातोडीने ठोकत राहिले, तर पत्रा पोचे पडून आणखी खडबडीत होतो आणि माल अधिकच अडतो. ठोक्यांनी बारीक भुकटी मोकळी होण्याऐवजी अधिक घट्ट बसण्याचीही शक्यता असते. मोजपात्राला ठोके दिल्यावर भुकटी खाली बसते, तेच इथे घडते.

देशावरच्या शेतकऱ्याला पेरणीत चाड्यावर मूठ धरणाऱ्याची किंमत ठाऊक असते. बी एकसारखे पडावे, ते मुठीतून न अडता आणि न सांडता सुटावे, हे कसब सगळ्यांना साधत नाही. कारखान्यात ती मूठ नसते. तिथे तिचे काम हॉपरच्या तोंडाला आणि उताराला करावे लागते. ते आखताना मोजमाप झाले असेल, तर बांबू घेऊन वर चढण्याची वेळच कमी येते. मोजमाप होईपर्यंत एक साधा नियम मात्र आजच पाळता येण्याजोगा आहे. खालचे यंत्र पूर्ण बंद केल्याशिवाय, कमरेला दोर आणि वर लक्ष ठेवणारा माणूस असल्याशिवाय अडलेल्या हॉपरमध्ये कुणीही उतरू नये; शक्य तोवर उतरूच नये.